खानदेशच्या काळ्या मातीत घरगुती मेटल डिटेक्टर: मे ते डिसेंबर वापरानंतरचा अनुभव

आधी खोलीचं बोलू, कारण पहिला प्रश्न तोच असतो. यंत्राच्या २० सेंटिमीटर व्यासाच्या कॉइलला (जमिनीवरून फिरवायचं तारेचं वेटोळं) दहा रुपयांचं नाणं हवेत १५ ते १८ सेंटिमीटरवर कळतं. तेच नाणं काळ्या जमिनीत ८-१० सेंटिमीटरच्या खाली गेलं की कळत नाही. रोटाव्हेटरचं पातं किंवा वखराची पास ३०-४० सेंटिमीटरवर सापडते. व्हॉल्व्हवरचं बिडाचं झाकण मातीखाली ७०-८० सेंटिमीटर दबलं असलं तरी यंत्र आवाज देतं. सात हात खोल पुरलेला हंडा मात्र दाखवत नाही. 'तीस फुटांवरचं सोनं' दाखवणाऱ्या अँटेनाच्या काड्या लाखा-लाखाला विकतात, त्याही तो दाखवत नाहीत.

यंत्र तयार सर्किट-आकृतीवरून घरी बनवलेलं, पल्स पद्धतीचं आहे, म्हणजे कॉइलमधून करंटचे झटके सोडणारं. दोन ऑसिलेटरची शिट्टी जुळवणारं बीएफओ यंत्र बनवायला याहून सोपं पडतं, पण मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात त्याची शिट्टी दर दोन मिनिटांनी घसरते आणि सगळा वेळ नॉब फिरवण्यात जातो. शिवाय बेसाल्टपासून झालेल्या जमिनीत कॉइल बोटभर खालीवर झाली तरी सूर बदलतो. शाळेच्या प्रदर्शनापुरतं ते ठीक, शेतात उपयोग नाही.

पल्समध्ये ५५५ ही टायमर आयसी सेकंदाला साधारण सव्वाशे झटके देते, प्रत्येक झटका ११० मायक्रोसेकंदांचा. तेवढ्या वेळात मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) कॉइलमधून सुमारे ३ अँपिअरपर्यंत करंट चढवतो आणि एकदम तोडतो. तोडताच कॉइलवर शेकडो व्होल्टचा उलटा दाब उसळतो आणि काही मायक्रोसेकंदांत विरतो. जवळ धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखा प्रवाह फिरतो आणि हे विरणं जरा लांबतं. ती लांबलेली शेपटी ॲम्प्लिफायर मोठी करतो.

सुट्या भागांत दोन जागी 'चालेल हो' करू नये. मॉस्फेट आयआरएफ ७४०, म्हणजे ४०० व्होल्टचाच हवा. इन्व्हर्टरवाल्याकडे सहज मिळणारा झेड ४४ हा ५५ व्होल्टचा आहे. तो उलटा दाब तिथेच अडवतो, करंट विरायला सहापट-सातपट वेळ लागतो आणि नाण्याची शेपटी त्यात बुडते. वर तो तापतो. दुसरी जागा टीएल ०७२ या ॲम्प्लिफायर आयसीची. तिथे एलएम ३५८ बसवली तर आवाज येईल, पण ती इतकी मंद आहे की बारीक वस्तू गायबच होतात. बाकी बीसी ५५७, बीसी ५४७ हे ट्रान्झिस्टर, ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी उलटसुलट जोडलेले दोन १एन ४१४८ डायोड, हे सगळं साधंच. मॉस्फेटला अगदी लागून १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर हवा, नाहीतर प्रत्येक झटक्याला बॅटरीचा दाब पडतो आणि तोच खड्डा ॲम्प्लिफायरला 'धातू' वाटतो.

यंत्राची निम्मी ताकद कॉइलमध्ये असते आणि निम्मे बिघाडही तिथेच होतात. सुदैवाने या कामाचं सामान आपल्याकडे गावोगावी मिळतं. पाणबुडी मोटर भरणाऱ्या दुकानात २५ गेजची एनॅमल तार वजनावर देतात. २० सेंटिमीटर व्यासाचे २६ वेढे म्हणजे सव्वासोळा मीटर तार, वजनाला तीस ग्रॅमच्या आत. तोटा नको म्हणून चाळीस ग्रॅम घ्यावी. तेवढ्याच व्यासाच्या डब्यावर वेढे गुंडाळायचे, चार जागी सुती दोऱ्याने आवळून डब्यावरून काढायचे आणि सगळ्या घेरावर दोरा गच्च गुंडाळायचा. मग त्याच दुकानातलं मोटरचं वॉर्निश पाजून वाळवायचं. काळ्या टेपवर भागवलं तर उन्हात टेपचा डिंक पातळ होतो, वेढे सैल होतात आणि कॉइल ढेकळाला लागली की यंत्र ओरडतं. अशी तक्रार बहुतेक वेळा सर्किटवर ढकलली जाते, पण दोष वेढ्यांत असतो.

तारेचं टोक ब्लेडने तांबं चमकेपर्यंत खरवडा. एनॅमलवर सोल्डरचा डाग बसल्यासारखा दिसतो, पण धरत नाही. मीटर लावल्यावर दीड ओहमच्या आसपास दाखवलं पाहिजे. मीटरच्या वायरींचा स्वतःचा ओहम आधी वजा करा.

कॉइलपासून सर्किटच्या डब्यापर्यंतची वायर एक मीटरच्या आत ठेवा आणि दांड्याला घट्ट बांधा. दांडा पीव्हीसी पाइपचा, खालच्या दीड फुटात धातूचं काही नको, नट-बोल्टही प्लास्टिकचे. एक बारीक खिळासुद्धा कायमचा 'धातू' होऊन बसतो आणि सेन्सिटिव्हिटी खातो.

कॉइलला समांतर जो ३९० ओहमचा रेझिस्टर असतो, तो आकृतीत आहे म्हणून तसाच लावू नका. उसळलेल्या दाबाला लगाम घालणं हे त्याचं काम. ओहम जास्त झाले तर कॉइल घंटेसारखी घुमत राहते आणि यंत्र गरगरतं. कमी झाले तर शेपटी आधीच लांबते आणि बारीक वस्तू दिसेनाशा होतात. योग्य किंमत तुमच्या कॉइलवर आणि वायरच्या लांबीवर ठरते. ३३० ते ६८० ओहमचे चार-पाच रेझिस्टर, एक वॉटचे, आणून एकेक लावून एकाच नाण्यावर अंतर मोजा. नाणं बदलू नका: एक-दोन रुपयांची नवी नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची आहेत, त्यांचं अंतर वेगळं भरतं.

आता घरघर. विहिरीवर मोटर चालू असताना किंवा विजेच्या तारांखाली यंत्र 'वुंव-वुंव' करतं, आणि लोक समजतात की जमिनीखाली काहीतरी आहे. खरं कारण गणितात आहे. मूळ आकृतीत ५५५ ला जोडलेल्या १०० किलोओहम, १.६ किलोओहम आणि १०० नॅनोफॅरॅडने झटके सेकंदाला १४० च्या जवळ पडतात. विजेच्या ५० हर्ट्झची तिसरी पट १५०. दोन्हींतला दहाचा फरक लाटेसारखा ऐकू येतो. १०० किलोओहमसोबत २२ किलोओहमचा प्रीसेट (पेचकसाने फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) सिरीजमध्ये टाका आणि मध्यावर आणा: १२५ हर्ट्झ, म्हणजे १०० आणि १५० च्या बरोबर मधे. घरघर लक्षणीय कमी होते. १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर पॉलिएस्टरचा घ्या, कारण स्वस्त सिरॅमिक चकतीची किंमत उन्हात सरकते आणि दुपारी आकडा पुन्हा गडबडतो. इतकं करूनही ट्रान्सफॉर्मरच्या खांबाजवळ शोधायचं असेल तर लाइट जाण्याची वाट पाहणं उत्तम, आणि ती फार पाहावी लागत नाही!

मातीचं प्रकरण वेगळं. आपली काळी जमीन बेसाल्टची, तिच्यात लोखंडी खनिजाचे कण असतातच. जुन्या स्पीकरचं चुंबक कागदात गुंडाळून कोरड्या मातीत फिरवा, काळी भुकटी चिकटून येते. जितकी जास्त भुकटी, तितकी यंत्राची कुरबुर. म्हणून सेन्सिटिव्हिटीचा नॉब हवेत जुळवू नये. कॉइल जमिनीपासून तीन-चार बोटं वर धरून जुळवावा आणि तेवढंच अंतर राखून फिरवावं. एप्रिल-मेमध्ये भेगाळलेल्या रानात कॉइल भेगेवरून गेली की आवाज डगमगतो. दोन चांगले पाऊस झाले, भेगा मिटल्या की तीच जमीन शांत होते. मुरमाड माळ बारमाही त्रास देतो. सगळ्यात फसवी जागा म्हणजे भाजलेली माती: वीटभट्टी, चुलीची जागा, बांधावर पऱ्हाटी जाळलेला कोपरा. माती भाजली की तिच्यातल्या लोहकणांचा गुण बदलतो आणि पल्स यंत्र तिथे धातूसारखाच आवाज देतं. ओळखायची खूण अशी की धातूचा आवाज एका ठिकाणी टोकदार येतो, आडवं-उभं फिरवून फुली मारली तरी जागा हलत नाही. भाजलेल्या मातीचा आवाज पसरट असतो, कॉइल वर उचलताच मावळतो.

आठ महिन्यांत खरी किंमत वसूल झाली ती शेतीच्या कामांत. नांगरटीत गळालेली ट्रॉलीची पिन, तुटलेलं पातं, मातीआड गेलेली लोखंडी पाइपलाइन, व्हॉल्व्हची झाकणं. पीव्हीसी पाइप कळत नाही, त्यावरचा लोखंडी जोड कळतो. बांधावरचा निंब-बाभूळ सॉ मिलला नेण्याआधी तपासणं हा तर सर्वात फायद्याचा वापर. कुंपणाची तार खोडात गिळली गेलेली असते आणि करवतीचं पातं तिथेच जातं. यासाठी १० सेंटिमीटर व्यासाची, सुमारे ४० वेढ्यांची दुसरी कॉइल करावी. मोठ्या कॉइलला खिळ्यासारखी बारीक वस्तू नीट कळत नाही. दुसऱ्या कॉइलचा रेझिस्टर वेगळा ठरवावा लागतो, तो तिच्या प्लगमध्येच डागून टाकावा. कडबाकुट्टीत जाणारी तार शोधायला मात्र हे यंत्र नको. कुट्टीच्या तोंडाशी, जिथून चारा आत सरकवतात तिथे, लावलेलं जाड चुंबक ते काम फुकटात करतं.

कापूस वेचताना हरवलेल्या दागिन्यासाठी यंत्र मागायला माणसं येतात. त्यांना स्पष्ट सांगावं. जाडजूड अंगठी सहा-आठ सेंटिमीटरवर मिळेल. बारीक साखळी जवळजवळ मिळत नाही, कारण प्रत्येक कडी यंत्राला सुटी दिसते आणि इतक्या छोट्या कडीतला प्रवाह लगेच विरतो. मंगळसूत्राच्या वाट्या मिळाल्या तर मिळतील. सोनं आणि लोखंड यांतला फरकही हे यंत्र सांगत नाही. खणल्याशिवाय इलाज नाही आणि दहापैकी बहुतेक वेळा खिळा, तार नाहीतर बाटलीचं झाकण निघतं.

गढीवर आणि गावच्या जुन्या पांढरीत फिरवायची हौस अनेकांना येते. तिथे राखेने आणि गंजक्या तुकड्यांनी यंत्र भंडावून सोडतंच, पण कायदाही आडवा येतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांवरची ठेव सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय खणणं १९५८ च्या कायद्याने बंद आहे. थाळनेरच्या फारुकी सुलतानांच्या कबरी किंवा १९५५ मध्ये उत्खनन झालेलं तापी-गोमाई संगमावरचं प्रकाशे, अशा ठिकाणी यंत्र पिशवीतूनही काढू नका.

बॅटरीसाठी १८६५० आकाराचे तीन लिथियम सेल सिरीजमध्ये, संरक्षक बोर्डासह. सरासरी ओढ ४०-५० मिलीअँपिअरच असल्याने चांगले सेल कित्येक दिवस पुरतात. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लावू नये, ३ अँपिअरचा झटका तिला झेपत नाही. बोर्ड सोसत नसेल तर पहिल्या झटक्याला तोही बंद पडतो, तेव्हा किमान ५ अँपिअरचा घ्यावा. मे महिन्यात यंत्र बंद गाडीत ठेवू नका: सेलचं आयुष्य घटतं आणि पाइप वाकतो. पावसाळ्यात कॉइलला चिकटलेला चिखल त्याच दिवशी धुवा, कारण वाळलेला काळा थर कॉइलसोबत फिरतो आणि नॉब रोज वेगळ्या जागी जुळवावा लागतो.