जर्मन पूर्वजांचा शोध : कागद जुळत नसतील तर कोणाचं ऐकायचं?

माझ्या सासऱ्यांचे पणजोबा जर्मनीतून अमेरिकेत आले. १८६० च्या अमेरिकन जनगणनेत त्यांचा जन्म हॅनोव्हरचा, १८८० च्या जनगणनेत प्रशियाचा. घरच्या बायबलात जन्मतारीख ३ मार्च, थडग्यावर ७ मार्च. ही दोन वेगळी माणसं, असं धरून मी महिनाभर चुकीच्या वाटेवर होते.

खरं तर पहिल्या भांडणात दोन्ही कागद बरोबर होते. हॅनोव्हरचं राज्य १८६६ साली प्रशियाने ताब्यात घेतलं. गाव जागचं हललं नाही, वरचा राजा बदलला. शिवाय अशा नोंदीतलं ‘हॅनोव्हर’ म्हणजे बहुतेकदा राज्य. ते शहर समजून तिथली दप्तरं उपसू नका.

आता जनगणना की चर्चची वही? घरात कोण कोण होतं, यासाठी जनगणनाच बघा. १८५० पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे, १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी नातंही. वयावर मात्र विसंबू नका. त्या काळच्या पानावर माहिती कोणी दिली ते लिहिलेलं नसतं; बायकोने, मुलाने, कधी शेजाऱ्यानेही दिलेली असते. जन्माच्या बाबतीत माझा कौल चर्चच्या वहीला. जन्मानंतर थोड्याच दिवसांत पाद्र्याने ती नोंद केलेली असते.

पण वहीतही खाचखळगे आहेत. कुर्रंट ही जुनी जर्मन हस्तलिपी पहिल्यांदा पाहिल्यावर काय होतं, हे मोडी शिकलेल्यांना सांगायला नको. भावाभावांची पहिली नावं सारखीच, सगळे ‘योहान’; हाक मारायचं नाव पुढचं. योहान हाइनरिश अमेरिकेत हेन्री होतो. आणि मूल दगावलं तर पुढच्या मुलाला पुष्कळदा तेच नाव देत. म्हणून बाप्तिस्म्याची नोंद सापडली की लगेच दफनाची वही बघा, नाहीतर लहानपणीच गेलेल्या भावाला पूर्वज करून बसाल.

बायबल आणि थडगं यांत मी बायबलाकडे झुकते, पण आधी ते छापल्याचं साल बघते. नोंदी त्या सालाच्या आधीच्या असतील आणि शाई, अक्षर एकसारखं असेल, तर सगळं नंतर आठवून एका बैठकीत लिहिलेलं असण्याची शक्यता जास्त.

‘एलिस आयलंडवर आमचं आडनाव बदललं’ ही घरातली गोष्ट आणि जहाजाची यादी यांत यादीच धरा. एलिस आयलंड हे न्यूयॉर्कचं स्थलांतरितांचं तपासणी केंद्र उघडलं १८९२ मध्ये, आणि याद्या जहाज कंपन्या निघायच्या बंदरातच तयार करत. हाम्बुर्ग या जर्मन बंदराच्या १८५० ते १९३४ च्या याद्या आहेत, त्यांत राहतं ठिकाणही सापडतं. ब्रेमेनच्या बहुतेक नष्ट झाल्या.

नागरिकत्वाच्या कागदांत २७ सप्टेंबर १९०६ नंतरचे असतील तरच जन्मगावाची आशा धरा. त्याआधीच्यांत बऱ्याचदा फक्त ‘प्रशियाच्या राजाची निष्ठा सोडली’ एवढंच.

पैसे कुठे घालायचे? आधी पूर्वज जिथे स्थायिक झाले तिथल्या जर्मन चर्चची लग्नाची आणि दफनाची वही शोधा. पाद्री जर्मन असेल तर तो मूळ गावाचं नाव अनेकदा लिहून ठेवतो. गाव हाती लागल्यावर प्रोटेस्टंट नोंदींसाठी आर्किऑन या चर्चच्या वह्यांच्या संकेतस्थळाची वर्गणी भरा. कॅथलिक असाल तर आधी मॅट्रिक्युला हे तसंच संकेतस्थळ बघा, ते फुकट आहे.

आमचं गाव असंच मिळालं. तिथल्या वहीत एकाच ओळीत दोन्ही तारखा होत्या : जन्म ३ मार्च, बाप्तिस्मा ७ मार्च.