दादर चौपाटीची रविवारची सफाई: कशी आहे आणि जायचं असेल तर काय बघावं

किनारा-सफाईची मोहीम चांगली की नुसती दिखाऊ, हे मी दोन गोष्टींवरून ठरवते. गोळा केलेला कचरा त्याच सकाळी चौपाटीवरून हलतो का? आणि वेळ ठरवताना भरती-ओहोटी बघितलेली असते का? शिवाजी पार्क आणि माहीमकडच्या रहिवाशांचा जो गट दादर चौपाटीवर रविवारी जमतो, त्याने या दोन्ही बाबतीत माझं समाधान केलं. मी त्यांच्याबरोबर पावसाळ्यातही गेले आहे आणि उन्हाळ्यातही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वेळेबद्दल. बऱ्याच मोहिमा 'दर रविवारी सकाळी सात' असं ठरवून मोकळ्या होतात. समुद्र घड्याळावर चालत नाही, भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. आपल्याकडे कोळीवाड्यात आणि कोकणात याचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या आसपास ओहोटी, सफाईला उत्तम. अष्टमीला सहाला भरती. त्या दिवशी सातला गेलात तर पाणी चांगलंच वर असतं, कचरा पाण्याखाली आणि माणसं कडेला उभी. या गटात माहीम कोळीवाड्यातले एक काका आहेत, ते कॅलेंडर बघून वेळ सांगतात आणि त्याप्रमाणे कधी साडेसहा तर कधी आठला बोलावलं जातं. वेळ बदलत राहते म्हणून काहीजण कुरकुरतात. मला मात्र हीच त्यांची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे पहिल्या दिवशी माझं लक्ष हातमोज्यांकडे गेलं. पातळ सर्जिकल ग्लोव्हज इथे काही कामाचे नाहीत, काचेचा एक तुकडा लागला की संपलं. यांच्याकडे तळव्याला रबर लावलेले कापडी मोजे आहेत, बांधकामावर वापरतात तसले. ते धुऊन पुन्हा वापरतात. सुया आणि सिरिंज सापडतात, हे ऐकून घाबरू नका, पण नीट समजून घ्या. आमच्या लॅबमध्ये सुया पांढऱ्या, टोचून न फाटणाऱ्या डब्यात जातात. इथे जाड प्लास्टिकचा झाकणवाला कॅन ठेवलेला असतो आणि सुई दिसली की आपण हात न लावता गटातल्या ताईंना हाक मारायची, त्या चिमट्याने उचलतात. कॅनवर मार्करने मोठ्या अक्षरात 'सुया' लिहिलेलं आहे. ज्याने कोणी हे सुचवलं, त्याचे मनापासून आभार. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र जाण्याआधी आपलं आपण टोचून घ्यावं.

आता प्रत्यक्ष काम. लांबून चौपाटीवर बाटल्याच दिसतात, पण बाटली उचलणं सोपं असतं. खरी मेहनत कापडाची. साड्या, चादरी, गोधड्यांचे तुकडे वाळूत असे रुतलेले असतात की वर फक्त वीतभर टोक दिसतं. ते ओढायचं नाही, फाटतं आणि उरलेलं आत राहतं. आधी फावड्याने चारी बाजूंनी वाळू मोकळी करायची, मग दोघांनी मिळून उचलायचं, झटकायचं, मगच गोणीत टाकायचं. न झटकता भरलेली गोणी चार माणसांनाही हलत नाही, शिवाय चौपाटीची वाळू डंपिंगला जाते ती वेगळीच. नायलॉनच्या जाळ्यांचंही तसंच, त्यासाठी कोयता लागतो आणि तो फक्त सवयीच्या माणसांच्या हातात देतात.

दुसरं टोक म्हणजे अगदी बारीक कचरा. भरतीच्या रेषेवर बसून हातभर जागा चाळली तर काय काय निघतं बघा: दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे, शाम्पूच्या पुड्या, थर्माकोलचे दाणे, आणि कानात घालायच्या काड्यांच्या प्लास्टिकच्या दांड्या, निळ्या, गुलाबी, पांढऱ्या. या दांड्यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, तरी अजून सापडतात. त्या कोणी चौपाटीवर बसून टाकत नाही. घरात संडासात टाकलेली काडी नाल्यातून इथवर येते. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीत येते, वाटेतला सगळा भार घेऊन. म्हणून दादर-माहीमचा किनारा घाण करणारी माणसं फक्त इथे फिरायला येणारी नाहीत, हे इथे तासभर बसलं की कोणी न सांगता कळतं. माझ्या नववीतल्या मुलाने घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर दुधाच्या पिशवीला कात्री लावताना कोपरा पूर्ण कापायचा नाही, लटकता ठेवायचा, असं आजीला दाखवलं. सासूबाईंनी ते लगेच उचललं.

कचरा जातो कुठे? बाटल्या आणि जाड प्लास्टिक वेगळं काढून भंगारवाल्याला. निर्माल्य पिशवीतून सोडवून वेगळं. वेफर्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टनं भंगारवाला घेत नाही, कारण त्यात प्लास्टिकचे आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ती, कापड आणि उरलेलं सगळं महापालिकेच्या गाडीत. गाडी येईपर्यंत दोघंजण गोण्यांजवळ थांबतात. याचं महत्त्व मला एका कंपनीच्या मोहिमेत कळलं होतं. तिथे टी-शर्ट होते, बॅनर होता, प्रत्येकाच्या हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली होती, आणि फोटो झाल्यावर भरलेल्या पिशव्या पाण्यापासून दहा पावलांवर सोडून सगळे निघून गेले. दुपारच्या भरतीने त्या पुन्हा समुद्रात नेल्या. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. तेव्हापासून कुठेही नाव देण्याआधी 'गाडी सांगितली आहे का?' हा प्रश्न मी विचारतेच.

उणिवा आहेत. बायकांसाठी जवळ शौचालयाची धड सोय नाही, घरून जाऊनच यावं लागतं. वेळेचा मेसेज कधीकधी शनिवारी रात्री दहानंतर येतो, लोकलने लांबून येणाऱ्यांनी काय करायचं? नवीन माणसांना सूचना घाईत दिल्या जातात. विशेषतः पावसाळ्यात निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटल (जेलीफिशसारखे समुद्री जीव) किनाऱ्यावर येतात, मेलेले असले तरी त्यांचा दंश होतो, हे लहान मुलांना मोहीम सुरू होण्याआधी सांगायला हवं. मी हे त्यांना बोलून दाखवलं आहे आणि पुढच्या वेळी एका ताईंनी मुलांना बाजूला घेऊन समजावलंही.

एवढ्याने काय होणार, असं मला सोसायटीत विचारतात. मुंबईतच वर्सोव्याला वकील अफरोज शाह यांनी 2015 मध्ये किनारा-सफाईला सुरुवात केली तेव्हा तिथे कचऱ्याचे ढीग होते. 2018 च्या मार्चमध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. दादरचा किनारा अरुंद आहे, खाडीचं तोंड शेजारी आहे, इथे काम जास्त चिवट आहे. पण आठवड्याआठवड्याला त्याच पट्ट्यात काम केलं की जुनं रुतलेलं कापड कमी होत जातं, हे मी हातांनी अनुभवलं आहे.

जाणार असाल तर बंद बूट घाला, चप्पल वाळूत अडकते आणि पायाला काच लागते. टोपी, स्वतःची पाण्याची बाटली आणि चहासाठी स्टीलचा पेला घ्या, तिथे कागदी कप देत नाहीत. नंतर केळी आणि चहा मिळतो. दहा वर्षांच्या आतली मुलं आणू नका असं माझं मत आहे. गुडघे दुखत असतील त्यांनी वेगळं करायच्या कामाला बसावं, तिथे नेहमीच माणसं कमी पडतात. पाचपैकी साडेचार. शौचालयाचं काही जमलं तर उरलेला अर्धाही देईन.