किडीच्या सर्व्हेसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावू की शेतात फिरून मोजणी करू?

आधी एक ठरवा, कीड आली का हे बघायचंय की आलेली कीड किती पसरलीय हे? दोन वेगळी कामं आहेत आणि सगळा घोळ इथेच होतो.

"आली का" साठी सापळाच भारी. मक्यावरची लष्करी अळी घ्या, पानावर पांढरे ओरखडे दिसतात तोवर अंडी फुटून अळ्या बाहेर आलेल्या असतात, तिचा पतंग (अळीचं मोठं, उडणारं रूप) त्याच्या आधीच सापळ्यात सापडू शकतो आणि रात्रभर तिथे माणूस बसवायला लागत नाही. पण येतात फक्त नर, मादीने अंडी किती घातली ते कळत नाही. वर त्याच ल्युअरला (सापळ्यातली वासाची गोळी) दुसऱ्या जातीचे पतंगही येतात, पंखावरची पावडर झडली की ओळखता ओळखता डोक्याला ताप, मी सुरुवातीला भलतेच पतंग मोजून मोकळा झालो होतो. आणि ल्युअर जुना झाला की सापळा नुसता लटकत राहतो, म्हणून लावल्याची तारीख त्याच्यावरच मार्करने लिहा.

फिरून मोजणीत कष्ट आहेत पण नुकसान किती ते इथेच कळतं. डब्ल्यूच्या आकारात चालायचं, 5 ठिकाणी 20-20 झाडं, बांधाजवळची सोडून. पोंगा (मधल्या कोवळ्या पानांची गुंडाळी) उघडा, आत ओल्या भुसकटासारखी ताजी विष्ठा दिसली तर अळी बहुतेक तिथेच बसलीय.

आता गंमत बघा. शेतात 1% झाडांवरच कीड असेल तर निदान एक लागलेलं झाड सापडेल याची 95% खात्री मिळायला साधारण 300 झाडं बघावी लागतात, तीही कुठलीही, सोयीची निवडून नाही. 5% झाडांवर असेल तर 60 पुरतात. म्हणजे 100 झाडं बघून "शेत क्लीन" म्हणणारा 1% वाल्या शेतात तीनातून एकदा तरी फसतोच.

चिकट सापळे पांढरी माशी, मावा (पिवळे) आणि फुलकिडे (निळे) यांना, अळ्यांसाठी विचारच नको.

माझं मत, कीड अजून आली नसेल आणि माणसं कमी असतील तर सापळे लावा, पतंग दिसला की त्याच्या आसपासच्या शेतांत फिरा. कीड आधीच असेल तर सापळ्यांवर फार पैसे घालू नका, सरळ चाला. आणि शून्य आलं तरी शून्य लिहा, जागा रिकामी ठेवली तर पतंग नव्हता की त्या दिवशी कोणी गेलंच नव्हतं, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.