आर्किटेक्ट घ्यावा की विथ मटेरियलवाला कॉन्ट्रॅक्टरच बरा?

प्लॉट घेतलेल्या दोन-तीन ओळखीच्यांनी हेच विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. आमच्या घरात दोन्ही प्रकार झालेत. दादाचं घर पुण्यात धायरीत, विथ मटेरियल, म्हणजे सामान-मजुरी सगळं कॉन्ट्रॅक्टरचं, स्क्वेअर फुटाचा रेट ठरवून. माझं तिथेच पुण्यात किरकटवाडीत, आर्किटेक्ट मॅडम, कॉन्ट्रॅक्टर वेगळा आणि आरसीसीवाले, म्हणजे कॉलम-स्लॅबचं डिझाइन करणारे, वेगळे. दादाकडे मी दोन वर्षं राहिलोय, त्यामुळे दोन्हीबद्दल बोलायचा थोडाफार हक्क आहे.

आधी दादाची बाजू. त्याची भूमिपूजन ते वास्तुशांत ११ महिन्यांत उरकली. मला १९ लागले, त्यातले ४ नुसते कागदावर, ड्रॉइंग हातात येईपर्यंत जून लागला आणि फुटिंगच्या, म्हणजे पायाच्या, खड्ड्यांत पाणीच पाणी, पंप भाड्याने आणून उपसत बसलो. दादाला एकच माणूस, एकच फोन. माझ्याकडे कॉन्ट्रॅक्टर म्हणणार ड्रॉइंग आलं नाही, मॅडम म्हणणार कधीच पाठवलंय, आणि मधल्यामध्ये मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून दोघांना फोन करतोय. वर फी खर्चाच्या ५ टक्के. तेव्हा आर्किटेक्ट घेतला की डोक्याला ताप नाही असं कोणी सांगत असेल तर ते सोडून द्या.

विथ मटेरियलमध्येपण आर्किटेक्ट असतोच असं म्हणतात. असतो, पण बहुतेक वेळा लायझनिंगपुरता. प्लॅन मंजुरी, जोते तपासणी, शेवटी भोगवटा पत्र, एवढ्यासाठी. दादाने त्याला एकदाही बघितलेलं नाही. मंजूर प्लॅनवर भिंती असतात, पण स्विचबोर्ड कपाटाच्या मागे जातोय का हे त्यात नसतं, ते मिस्त्री साइटवर ठरवतो.

आणि आता टाकी. दादाची अंडरग्राउंड टाकी पार्किंगमध्ये आहे, त्यात काही नाही, बऱ्याच जणांची असते. पण झाकण बरोब्बर गाडीच्या पोटाखाली. खोदाई चालू असताना दादाने विचारलं होतं, मी शेजारीच होतो, कॉन्ट्रॅक्टर म्हणाला "होऊन जाईल साहेब, झाकण मागं घेऊ." मागे खडक लागला, खडक फोडायच्या ब्रेकरचे पैसे एक्स्ट्रा, मग जिथे मुरूम लागला तिथेच टाकी झाली आणि झाकणपण तिथेच. धायरी २०१७ला महापालिकेत आली तरी आमच्या गल्लीत एप्रिल-मेमध्ये टँकरच लागायचा. तो येणार पहाटे साडेपाचला नाहीतर रात्री अकराला. हॉर्न मारणार, दादा झोपेत किल्ली शोधणार, गाडी बाहेर काढायची तर गेटात टँकर उभा, म्हणजे आधी टँकर मागे, मग गाडी बाहेर, मग टँकर पुढे, आणि हे सगळं होईपर्यंत समोरचे काका गॅलरीत येऊन बघत उभे. पहिला उन्हाळा मी मजा बघितली. दुसऱ्या उन्हाळ्यात दादाची पाठ धरली आणि ती किल्ली माझ्याकडे आली. घर तसं मजबूत आहे, एवढ्या पावसाळ्यांत एक थेंब गळलेला नाही, हे सांगायलाच हवं. पण ते "होऊन जाईल" माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

मॅडमच्या पहिल्याच ड्रॉइंगमध्ये पार्किंगमध्ये गाडी काढलेली होती, चारही दारं उघडी. मला हसूच आलं. मग त्यांनी विचारलं, टँकर लागतो का, कुठल्या बाजूने येणार, रात्रीबेरात्री येतो का. झाकण गेटच्या आत डाव्या हाताला घेतलं आणि कंपाउंडच्या भिंतीतून टाकीपर्यंत एक पाइप टाकला, बाहेरच्या तोंडाला टोपण. टँकरवाला आपला आपला येऊन पाणी सोडून जातो. खडक माझ्याकडेपण लागला, आपल्याकडे तो लागायचाच, पण मॅडम साइटवर आल्या आणि टाकी उथळ करून लांब केली, ब्रेकर अर्ध्या दिवसात परत गेला.

तरी सगळं मनासारखं झालं असं नाही. एलेव्हेशनच्या, म्हणजे घर बाहेरून छान दिसण्याच्या, नादात किचनची खिडकी अर्धी झाली, ते बायको अजून ऐकवते, आणि पोळ्या करताना तिथे उभं राहिलं की तिचं बरोबरच आहे.

तुमचा प्लॉट सरळ चौकोनी असेल, घाई असेल आणि घरात रिटायर्ड कोणीतरी रोज साइटवर बसणारं असेल तर विथ मटेरियल चालून जाईल, दादाचं चाललंच की. नोकरी करून घर बांधणार असाल तर मला तरी आर्किटेक्टच बरा वाटतो, ५ टक्के धरून. फक्त कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा रजिस्ट्रेशन नंबर आधी विचारा, १९७२च्या कायद्याप्रमाणे त्याशिवाय आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. आणि साइट व्हिजिट किती ते लिहून घ्या. मी घेतलं नव्हतं, प्लास्टरच्या वेळी मॅडम तीन आठवडे आल्याच नाहीत, तेव्हा बोलायला हातात कागद नव्हता.