सायकल की ताट: हृदयासाठी आधी काय?

ऑफिसला सायकलने जायचं की जेवण सुधारायचं? दोन्ही हृदयाच्या भल्याचंच, पण दोघांची कामं वेगळी.

सायकलसाठी व्यायामाचा वेगळा वेळ काढावा लागत नाही. जायला 20 मिनिटं, यायला 20, आठवड्याचे पाच दिवस: झाली 200 मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. आधी पहिल्याच चढावर धाप लागते, मांड्या भरून येतात. काही आठवड्यांनी तोच चढ बोलत-बोलत पार होतो. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, म्हणून बसल्या जागची नाडी संथ होते.

वाईट कोलेस्टेरॉल मात्र नुसत्या सायकलने फारसं हलत नाही. तिथे ताटच हवं: संपृक्त चरबी (तूप, लोणी यांतली) कमी, कडधान्यं-भाज्या जास्त. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, जेमतेम एक छोटा चमचा. पाकीटबंद खाऊतच ते जास्त लपतं. पाकीट उलटून सोडियमचा (मिठातला घटक) आकडा वाचाच.

माझं मत? कोलेस्टेरॉल वाढलंय तर आधी ताट, दिवसभर खुर्चीत असाल तर आधी सायकल. (आणि ‘आज सायकल झाली’ म्हणून गोड पेय रिचवणं, हा माझाच जुना उद्योग!) छातीत दुखत असेल, तर दोन्हींच्या आधी डॉक्टर.