सोप की साधं एचटीटीपी? नवी सर्व्हिस लिहिण्याआधी

दोन प्रोग्रॅमना वेबवरून बोलायला सोप (SOAP, एक्सएमएलमध्ये संदेश गुंडाळून पाठवायची पद्धत) घ्यायचं की एचटीटीपीचे साधे गेट (माहिती मागणं) आणि पोस्ट (माहिती पाठवणं), यावर अडला असाल तर आधी हे बघा: समोरचा तुमच्याकडून मुख्यतः माहिती वाचणार आहे की व्यवहार नोंदवणार आहे?

वाचायचंच असेल तर गेट. आजचा डॉलरचा दर हवा, तर पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की उत्तर समोर. मधला प्रॉक्सी किंवा सीडीएन (वाटेत प्रती ठेवणारे सर्व्हर) ते उत्तर साठवून पुढच्यालाही देऊ शकतो. सोपमध्ये एवढ्याशा दरासाठी एन्व्हलप (एक्सएमएलचं पाकीट), त्यात बॉडी, बॉडीत मेथड (कोणतं काम करायचं ते), तिची नेमस्पेस (नावांची गल्लत टाळणारा पत्ता), सोपची 1.1 आवृत्ती असेल तर सोपॲक्शन हेडर वेगळा. सगळं पोस्टने जातं, त्यामुळे हे नुसतं वाचन आहे हे उत्तरं साठवणाऱ्या कॅशला कळतच नाही. 2003 च्या सोप 1.2 मध्ये गेटची सोय आली खरी, पण बहुतेक टूल्स पोस्टवरच राहिली.

चुकांचंही तेच. सोप 1.1 मध्ये फॉल्ट (चूक कळवणारा संदेश) आला की एचटीटीपीवर 500, म्हणजे 'सर्व्हरची चूक'. ग्राहकाने खातं क्रमांक चुकवला तरी 500, तुमचा डेटाबेस पडला तरी 500. रात्री अलार्म वाजला की एक्सएमएल उघडून बघत बसा. साध्या एचटीटीपीत 404 (मागितलेलं सापडलं नाही) आणि 503 (सर्व्हिस सध्या बंद) लांबूनच वेगळे दिसतात.

मग सोप कधी? संदेश तीन-चार सर्व्हरमधून जाणार असेल आणि त्यावरची सही शेवटपर्यंत तपासता यायला हवी असेल तेव्हा. टीएलएस (एचटीटीपीएसमागचं कुलूप) फक्त एका सर्व्हरपासून पुढच्या सर्व्हरपर्यंतची वाट सांभाळतं. डब्ल्यूएस-सिक्युरिटी ही सोपची सुरक्षा-जोड खुद्द संदेशावर सही करतं. बँका आणि विमा कंपन्यांशी जोडणी असेल तर बहुधा त्यांची डब्ल्यूएसडीएलच (सोप सर्व्हिसचं वर्णन करणारी फाइल) हातात येईल, तिथे वाद घालू नका.

जुनी एएसएमएक्स (मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधली सोप) सर्व्हिस असेल तर एक सांभाळा. डॉटनेट 1.1 पासून तिथे गेट आणि बाहेरून येणारा, सोप नसलेला साधा पोस्ट मुळातच बंद असतो. वेब डॉट कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी घालून ते दोन्ही सुरू होतात, पण सरसकट सगळ्या मेथडना. डेटा बदलणारी मेथड गेटने उघडी पडली, तर कुठल्याही पानावरची लिंक लॉगिन केलेल्या माणसाच्या कुकीसह ती चालवू शकते. त्यापेक्षा सोप आहे तसं ठेवा आणि वाचनाच्या मेथडपुरतं वेगळं, गेटवर चालणारं दार पुढे बांधा. पॅन क्रमांकासारखं काही मात्र त्या पत्त्यात घालू नका. सर्व्हरच्या लॉगमध्ये तो जसाच्या तसा उतरतो.