रेडिएटर प्रेशर टेस्टर किट: पाणी कुठे जातंय ते दाखवतं, सगळंच नाही

कूलंट कमी होतंय पण गाडीखाली थेंब दिसत नाही, अशा वेळी हातपंपाने रेडिएटरमध्ये हवेचा दाब भरणारं हे किट कामाचं आहे. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच रेडिएटरची कॅप उघडा. कूलंट भरून घ्या, योग्य अडॅप्टर बसवा आणि कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंतच पंप मारा. 0.9 बार लिहिलं असेल तर साधारण 13 पीएसआय. त्यावर गेलात तर जुन्या रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जोडावर सुटू शकते.

मग 15 मिनिटं किटच्या दाबमापकाचा काटा बघा. उतरला, तर टॉर्च घेऊन होजच्या क्लिपा, रेडिएटरचे जोड आणि वॉटर पंपाखालचं बारीक भोक तपासा. तिथे कूलंटचे सुकलेले डाग दिसले तर पंपाचं सील गेलं. डॅशबोर्डखालचं कार्पेट ओलं असेल तर हीटर कोअर, म्हणजे केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर, गळतोय. बाहेर काहीच नाही आणि तरी काटा उतरतोय, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलचा, संशय धरा.

किटची खोट म्हणजे कपलरमधली, म्हणजे पंपाची नळी अडॅप्टरला जोडणाऱ्या भागातली, रबरी रिंग. ती सुकली की टेस्टरच गळतो आणि दोष गाडीवर येतो! रिंगला कूलंटचं बोट लावून बसवा. कॅप तपासायचा अडॅप्टर सोबत आहे का, हे घेतानाच बघा. बऱ्याचदा दोषी कॅपच निघते.

थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) अडकलाय किंवा फॅनचा रिले (फॅन चालू करणारा विजेचा स्विच) गेलाय, हे मात्र यात कळणार नाही.